परत आलेल्या गोधडीच्या मागावर

लोणावळा ते पवनानगर हे काही प्रवासवर्णन लिहिण्याएवढं अंतर नाही, हे मला मान्य आहे. शनिवारी मुंबई-पुण्याची मंडळी तिथे धरणाकाठी तंबूत झोपायला जातात आणि सोमवारी ऑफिसात हजर असतात. माझं मात्र सगळंच उलटं. सहा महिने परदेशात राहून आले, त्यावर एक ओळ लिहावीशी वाटली नाही; आणि घराजवळच्या या वाटेवर दोन दिवस काढले, तर वही काढून बसले. कारण त्या वाटेवर माझ्या पुढे एक गोधडी गेली होती. मावशीच्या आधी मी तिला गाठलं नाही, तर मावशीला तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

तिकडचं पोस्ट

माझी लेक मीनल आणि जावई युरोपातल्या एका लहान शहरात राहतात. देशाचं नाव लिहीत नाही. ती दोघं अजून तिथेच आहेत आणि पोस्टाच्या खिडकीतली बाईही अजून तीच आहे. उगाच वैर कशाला? मीनलच्या बाळंतपणासाठी मी गेले होते. फाल्गुनात तिला मुलगी झाली.

बातमी कळताच इकडे तानीमावशीने गोधडी शिवायला घेतली. तानीमावशी म्हणजे माझ्या आईची सगळ्यात धाकटी बहीण, पवनानगरच्या पुढे धरणाकडच्या एका गावात राहते. अठ्ठ्याहत्तरी गाठली आहे. आमच्या घरात मूल जन्मलं की त्याची पहिली गोधडी तानीमावशीच्या हातची, हे ठरलेलं. माझ्या धाकट्या भावाला होती, मीनललाही होती. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला ती तयार नाही. "ही आता शेवटचीच," असं म्हणत तिने ही गोधडी शिवली. वरून स्वतःचं मऊ झालेलं लुगडं, आत माझ्या आईचं. आई जाऊन पाच वर्षं झाली. मावशीने तिचं एक लुगडं यासाठीच जपून ठेवलेलं होतं.

आता मावशीचा एक नियम आहे. गोधडी जिची, तिनेच ती घ्यायची, मधल्या कुणाच्या नावावर ती जाता कामा नये. त्यामुळे पार्सलवर नाव बाळाचंच घालायचं. आणि बारसं झालेलं नव्हतं, तर बाळाला नाव कुठलं? मावशीच्या सांगण्यावरून पत्त्यात इंग्रजीत सरळ लिहिलं गेलं, 'चि. बाळ', आणि पुढे जावयाचं आडनाव.

तिकडे काय झालं ते ऐका. घरात तीन मोठी माणसं आणि टिपेला रडणारी एक लहान, तरी खालच्या पेटीत चिठ्ठी सापडली की 'घरी कुणी नव्हते.' पोस्टमन चौथा मजला चढलाच नव्हता. आम्ही चिठ्ठी घेऊन पोस्टात गेलो. तिथे आधी यंत्रातून नंबर घ्यायचा. त्या यंत्रावर पाच बटणं. आम्ही दाबलं ते पत्रांचं निघालं, पार्सलचं बटण खाली. पुन्हा नंबर घेतला. तो येईपर्यंत एक वाजला आणि खिडकी बंद झाली. खिडकीतल्या बाईने आमच्यादेखत डबा उघडला आणि शांतपणे सफरचंद खायला सुरुवात केली. मला शाळेतली नोकरी आठवली. पालक दारात उभे असताना मी डबा उघडला असता, तर दुसऱ्या दिवशी अर्ज गेला असता.

दुसऱ्या खेपेला खिडकी गाठली. बाई म्हणाली, "हे बाळ कोण? त्यांचं ओळखपत्र द्या."

जावयाने जन्माचा दाखला दिला. त्यावर नाव ईरा. बाईने दाखला पाहिला, पार्सल पाहिलं, मान हलवली. मी ईराला उचलून काचेजवळ धरलं. "हेच ते बाळ," मी मराठीतच सांगितलं. काचेमागे, तिच्या कोपराशी ते पार्सल होतं. मांजरपाटात शिवलेलं, आणि मावशीचे टाके मला काचेबाहेरूनही ओळखू येत होते. बाई ईराकडे बघून हसली, तिला टाटा केला आणि म्हणाली, "त्यांनी सही केली तर चालेल."

जावयाने तिला बारसं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने आणखी दोघांना बोलावलं. तिघांनी ती हकीकत मोठ्या आवडीने ऐकली, पाळण्यात नाव ठेवतात हे त्यांना फारच गोड वाटलं, आणि निर्णय दिला की बाळ आणि ईरा ही एकच व्यक्ती असल्याचं पत्र वकिलातीतून आणा. वकिलात म्हणाली, पोस्टाला नेमकं काय हवंय ते पोस्टाकडून लिहून आणा. पोस्ट म्हणालं, लिहून देतो की, पोस्टाने पाठवतो. ते पत्र आजतागायत आलेलं नाही.

मुदत संपली आणि गोधडी आल्या वाटेने परत निघाली.

इकडे मावशी दर रविवारी व्हिडिओ फोन लावून विचारायची, "पोचली का गं?" पहिले दोन महिने आम्ही "येतेय, वाटेत आहे" म्हणत राहिलो. एका रविवारी मीनलला तिचा उतरलेला चेहरा बघवेना. ती बोलून गेली, "पोचली मावशीआजी! छान आहे! तिच्यातच झोपते ही." मावशी म्हणाली, "दाव की." आता आली का पंचाईत! मीनलने पळत जाऊन एक फुलाफुलांची विकतची चादर घडी करून ईरावर टाकली आणि फोन दुरूनच धरला. मावशीला कुठे एवढं दिसतंय, असं आम्ही दोघी डोळ्यांनीच एकमेकींना म्हणालो. मावशीने जरा वेळ पाहिलं, "छान हाय" म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिने गोधडीचं नाव काढलं नाही. आम्हाला वाटलं, समाधान झालं. पुढे कळलं की तिने शिवण बंदच केलं, फाटक्याला टाकाही घालेना. डोळ्यांमुळे असणार, असं आम्ही म्हणालो.

श्रावणात मी लोणावळ्याला परतले. आश्विनात एका सकाळी मीनलचा फोन. ती पार्सलचा नंबर अधूनमधून मोबाईलवर तपासत असायची. "आई, गोधडी मावशीआजीच्याच गावच्या पोस्टात पोचलीय! पण पुढे लिहिलंय, पाठवणारी व्यक्ती सापडत नाही. आठवडाभर ठेवतील, मग बेवारस टपालात जाईल."

म्हणजे दोन्हीकडून संकट. गोधडी मावशीच्या हाती पडली, तर आमचं खोटं उघडं पडणार. न पडली, तर माझ्या आईचं लुगडं आणि मावशीची शेवटची गोधडी कुठल्या तरी गोदामात कायमची जाणार. मी ठरवलं, आपण आधी पोस्टात जायचं, पार्सल गुपचूप ताब्यात घ्यायचं आणि लोणावळ्याला आणून ठेवायचं. दिवाळीत ईरा दहा दिवसांसाठी येणार होतीच. तेव्हा तिच्या अंगावर घालायची आणि मावशीला काही म्हणजे काही कळू द्यायचं नाही.

लोणावळा ते कान्हे

पार्सल पोस्टात टाकलं होतं दत्ताभाऊने, म्हणजे मावशीच्या पुतण्याने. पावती त्याच्याकडे. तो कान्ह्याला राहतो, जवळच्या कारखान्यात आहे. म्हणून सकाळच्या लोकलने आधी कान्हे. पिशवीत चिक्कीचे दोन खोके होते. लोणावळ्याच्या माणसाने कुणाकडे चिक्की न घेता जाणं म्हणजे भांडून आल्यासारखं दिसतं.

मळवली मागे पडली आणि दोन्ही बाजूंना भात. इंद्रायणी भात नुकता लोंब्यांवर आला होता. खिडकीतून तो वास आला आणि मी उगाचच शेजारच्या बाईंना म्हणाले, "वास आला का?" त्या म्हणाल्या, "रोज येतो." सहा महिने बाहेर राहून आलेलं माणूस असं ओळखू येतं.

दत्ताभाऊची दुसरी पाळी होती, त्यामुळे तो घरीच होता. त्याने कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. तीत गॅसची पुस्तकं, लसीचे दाखले, आणि तळाशी आमची पावती.

"पाठवणाऱ्याचं नाव काय घातलंस?" मी विचारलं.

"आधार कार्डावरचं. तितं म्हनले, कार्डावर हाय तेच पायजे. सरस्वती."

"कोण सरस्वती?"

"तुमची मावशी! दुसरं कोन?"

 बासष्ट वर्षं मी त्या बाईची भाची आहे आणि मला हे नाव माहीत नव्हतं. दत्ताभाऊने खुलासा केला.

"तिच्या सासूचं नावबी तान्हाबाई. एका घरात दोन तान्हाबाई कशा चालतील? म्हनून लग्नात नवऱ्यानं तांदळात सरस्वती लिवलं. कागदावर तेच चढलं. पन सासू तिला हाक मारायची तानी म्हनूनच. मंग समद्या गावानं तेच धरलं."

"म्हणजे गावात सरस्वती कुणालाच ठाऊक नाही."

"आडनाव तर अर्ध्या गावाचं तेच हाय," दत्ताभाऊ म्हणाला आणि त्याचं त्यालाच हसू आलं. "आता कसं शोधायचं त्या पोस्टवाल्यानं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जिला गावात कुणी ओळखत नाही अशा बाईने, जगात नसलेल्या नावाच्या मुलीला हे पार्सल धाडलं होतं. इतके महिने मी तिकडच्या पोस्टाला बोल लावत होते. पोस्टमनने चौथा मजला चढायला हवा होता, हे माझं म्हणणं अजूनही कायम आहे. पण बाकीचा घोळ आमच्या घरचाच होता, हे कबूल करायला हवं.

वहिनींनी पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. निघताना मी दत्ताभाऊला दोनदा बजावलं, "मावशीला यातलं काही कळता कामा नये."

"मी कशाला बोलतोय!" तो म्हणाला.

कामशेत ते पवनानगर

कान्ह्याहून एक स्टेशन मागे, कामशेतला आले. तिथून पवनानगरला वडाप जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही. तिकडे मीनलच्या शहरात बस मिनिटावर सुटायची, आत मी एकटी असले तरी. त्या बसचं मला कौतुक वाटायचं. पण या जीपमध्ये मांडीवर कुणाची तरी कोथिंबिरीची पिशवी घेऊन बसल्यावर सहा महिन्यांचा शीण गेला, हेही खरं.

चालकाला सगळे भाऊ म्हणत होते. निघायच्या आधी एक जण येऊन त्याला औषधांची पुडी देऊन गेला. "धोंडूआबाला दे." दुसऱ्याने पंपाचा पट्टा दिला, "शिवाजीच्या रानात." एका बाईने पत्रिकांचा गठ्ठाच दिला आणि कुणाकुणाला द्यायच्या ते तोंडी सांगितलं. भाऊने काही लिहून घेतलं नाही. पुढे खिंड उतरून जीप खोऱ्यात आली आणि ठिकठिकाणी थांबत, हॉर्न देत, एकेक वस्तू पोचती होत गेली. धोंडूआबा बांधावर उभेच होते. कुणी ओळखपत्र मागितलं नाही, कुणी नंबर घेतला नाही. पाच बटणांचं ते यंत्र मला आठवलं आणि मी मोठ्याने हसले.

"काय झालं मावशी?" शेजारणीने विचारलं.

"काही नाही. तुमचं पोस्ट चांगलं आहे."

"हे व्हय? ह्याच्या हाती कोंबडीबी धाडतो आमी," ती म्हणाली.

मी संधी साधून भाऊला विचारलं, "धरणाकडच्या त्या गावात सरस्वतीबाई कोण?" त्याने आरशातून माझ्याकडे बघत विचार केला. "सरस्वती... न्हाई बा. पाहुणी असंल कुनाची तरी."

वळण घेतल्यावर धरण दिसलं. काठोकाठ भरलेलं. उतारावर सोनकी फुललेली, पलीकडे तिकोना. काठाला रंगीत तंबूंची रांग. मी डोळे भरून बघत होते, तेवढ्यात फोन वाजला. मावशी!

"दत्ता म्हनला, तू निगालीस. किसनाला खेकडं आनाय सांगितलेत. कुटवर आलीस?"

किसन म्हणजे तिचा मुलगा. दत्ताभाऊने यातलं काही सांगायचं नाही एवढं पाळलं होतं. मी येतेय हे मात्र लगेच कळवलं होतं. मी पाच मिनिटांत पोचते म्हणून बसले. पवनानगरहून हीच जीप पुढे गावापर्यंत जाते. आता पोस्टाचं काम मला या पाच मिनिटांत उरकायचं होतं.

गावातलं पोस्ट

गावाच्या तोंडाशीच एका घराच्या पुढच्या खोलीत पोस्ट. टेबल, वजनाचा काटा, भिंतीला कॅलेंडर. टेबलामागे तिशीची एक बाई, वैशाली तिचं नाव. मुळशीकडून सून होऊन आलेली, वर्षभरापूर्वीच कामाला लागलेली. तिच्या मागच्या फळीवर मांजरपाटाचं ते पार्सल. त्यावर इतके शिक्के बसले होते की कापड जेमतेम दिसत होतं. मला ते बघून भरून आलं. कुणी तरी घरचं माणूस फार हिंडून, मळून आल्यासारखं वाटलं.

मी पावती पुढे केली. वैशालीने ती वाचली आणि खुर्चीतून उठलीच.

"सरस्वतीबाई तुम्हाला माहितीयेत? अहो, चार दिवस झाले शोधतेय मी! सगळ्या आळ्या फिरले. वरच्या वस्तीवरसुद्धा जाऊन आले."

"मला द्या ना ते. मी तिची भाची."

"तसं नाही देता येत, मावशी. ज्यांनी पाठवलं त्यांच्याच हातात द्यायचं. नियम आहे." मग एकदम मऊ आवाजात, "बसा ना. चहा टाकते."

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं. नियम तिकडेही होता, इथेही तोच. तिकडे नाही म्हटल्यावर काचेमागे सफरचंद खाल्लं गेलं, इथे चहा आला, तोही आलं घालून. पण नाही ते नाहीच. मी गोड बोलून पाहिलं, वयाचा मान पुढे केला, शिक्षिका होते हेही सांगितलं. ती हसत होती आणि हलत नव्हती. शेवटी तिने विचारलं, "पण त्या राहतात कुठे?"

मला खोटं सुचेना. खरं तर खोट्यानेच इथवर आणलं होतं. "शाळेमागे. तानीमावशी."

वैशालीने कपाळाला हात लावला. "तानीआज्जी? अहो, परवा त्यांच्याच ओट्यावर बसून मी विचारलं, आज्जी, सरस्वतीबाई कोण हो गावात? त्या म्हणाल्या, आमच्या आळीत कोन न्हाई, खालच्या आळीत बघ!"

आम्ही दोघी चहा सांडेपर्यंत हसलो. हसता हसता ती उठली, पार्सल काखोटीला मारलं, दाराला कडी घातली आणि स्कूटर सुरू केली. "चला, बसा मागे. आत्ताच देऊन टाकू. बिचाऱ्या किती दिवस वाट बघत असतील!"

"उद्या दिलं तर?" मी घाईने म्हणाले. "किंवा परवा. घाई नाही."

"छे, छे! ह्यात उशीर नको," वैशाली म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की पोस्टाने थोडा उशीर करावा. स्कूटर शाळेच्या दिशेने निघाली होती आणि मी मागे बसून मावशीला सांगायच्या गोष्टी मनात जुळवत होते. दुरुस्तीला परत पाठवली म्हणू? धुवायला? परदेशातून मावळात कोण धुवायला पाठवतं!

मावशीच्या ओट्यावर

मावशी ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. खरं म्हणजे बोटांनीच खडे शोधत होती. स्कूटरचा आवाज ऐकून तिने मान वर केली.

"आलीस व्हय सुमे? आन ही कोन, वैशाली? तू कशी गं हिच्यासंगं?"

"आज्जी, सरस्वतीबाई सापडल्या!"

"सापडली? कुटं व्हती?"

"तुम्हीच त्या!"

मावशीने क्षणभर डोळे मिचकावले. मग गालावर हात ठेवला. "अगं बया! व्हय की! लग्नात लिवलं व्हतं. तवापासनं कुनी हाक मारली न्हाई, मलाच इसार पडला. मंग काय आनलंस माज्या नावाचं?"

वैशालीने पार्सल तिच्या मांडीवर ठेवलं. मी काही बोलायच्या आत मावशीची बोटं कापडावरून फिरली. शिवणीवर येऊन थांबली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिने शिवण चाचपली.

"हे माजंच टाकं हायेत," ती हळूच म्हणाली. "हे कुनी उसवलंच न्हाई."

 जुळवलेल्या सगळ्या गोष्टी पळून गेल्या. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, यंत्र, काच, बाळाची सही, वकिलात. काही वगळलं नाही. शेवटी म्हणाले, "मावशी, गोधडी आम्हाला मिळालीच नाही. आम्ही तुझ्याशी खोटं बोललो."

"पोचलीच न्हाई?"

"नाही."

"मंग फोनवर पोरीच्या अंगावर व्हतं ते?"

"चादर. विकतची."

"ती चादर हाय हे मला त्याच दिशी दिसलं," मावशी म्हणाली. "डोळं अधू झालेत, आंधळी न्हाई झाले. गोधडी आन चादर वळखू यीना व्हय मला? मला वाटलं, पोचली तर हाय, पन जुन्या लुगड्याची, तितल्या लोकांत कशी घालायची पोरीच्या अंगावर. लाज वाटली आसंल मीनलला. आन माजं मन मोडू नये म्हनून तुमी चादर दावली. मीबी मंग छान हाय म्हनले." तिने मांडीवरचं पार्सल सारखं केलं. "त्या दिशी सुई ठिऊन दिली मी. म्हनलं, आता कुनाला नको हायेत आपली कामं."

हे ऐकून मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पाच महिने. डोळ्यांमुळे शिवत नाही, असं आम्ही किती सहज म्हणून मोकळे झालो होतो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मावशी मात्र हसत होती. आधी गालात, मग मोठ्याने. "पोचलीच न्हाई! अगं, मंग सांगायचं न्हाई का येड्यांनो? वैशाली, ऐकलंस का? पोचलीच न्हाई तितं!" एखादी आनंदाची बातमी सांगावी तसं तिने ते शेजारणीलाही ओरडून सांगितलं. मग माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. "फुडच्या खेपेला खोटं बोलायचं आसंल तर नीट बोला. गोधडीच्या जागी गोधडी तरी दावा."

वैशालीने शाईची डबी पुढे केली आणि सरस्वतीबाईंनी अंगठा उमटवला. पोस्टाचं काम संपलं, पण वैशाली गेली नाही. तिलाही गोधडी बघायची होती. मावशीने स्वतः शिवण उसवली. आत गोधडी जशीच्या तशी. मी ती नाकाशी धरली. आईच्या लुगड्याचा वास येईल असं वाटलं होतं, पण नुसता गोदामाचा वास आला. तरी मी जरा वेळ ती तशीच धरून बसले.

दुपारी खेकड्यांचं कालवण आणि नाचणीची भाकरी झाली. खेकडे फोडताना मावशीला डोळ्यांची गरज पडत नाही. मी मात्र चष्मा लावून एका नांगीशी झुंजत होते आणि ती ऐकून हसत होती. जेवणानंतर मीनलला फोन लावला. मावशीने तिला बोलूच दिलं नाही. "समदं कळलंय. रडू नगंस. दिवाळीत पोरीला घिऊन हितं ये. गोधडी आता कुटं जायची न्हाई, लय फिरली. पोरगी यील तिच्याकडं."

त्या रात्री मी तिथेच राहिले. सकाळी मावशीने गोधडी अंगणात उन्हात टाकली होती आणि तिच्याकडे बघत बसली होती.

"पोरगी केवढी झाली आता?" तिने विचारलं.

मी हातांनी दाखवलं, मग तिला नीट दिसणार नाही म्हणून तिचाच हात धरून गोधडीवर ठेवला. इथपासून इथपर्यंत. मावशीने वितीने मोजलं. गोधडी शिवली तेव्हा ईरा पंधरा दिवसांची होती. आता आठ महिन्यांची.

"आखूड पडंल," ती म्हणाली. "दीड वीत तरी वाढवाय पायजे. तुजी एकादी जुनी साडी हाय का मऊ? आईचं झालं, माजं झालं, आता तुजं जोडू."

"आहे की. पाठवते लगेच."

"पाठवू बिठवू नगंस," मावशी घाईने म्हणाली. "हातानं घिऊन ये."

येत्या रविवारी आणते, असं कबूल करून मी निघायची तयारी केली. जीपची वेळ झाली होती. तेवढ्यात ती आत गेली आणि फळीवरचा पत्र्याचा डबा घेऊन आली. पाच महिन्यांत झाकण घट्ट बसलं होतं, ते मी उघडून दिलं. आत दोऱ्याची रिळं आणि कापडाच्या गुंडाळीला टोचलेल्या सुया.

"शिवाय येतंय मला बोटानं," ती म्हणाली. "सुईत दोरा तेवढा जात न्हाई. जाताना एवढ्या ओवून ठिव. तू यीस्तवर कडंनं टाकं घालत बसते."

मी ओट्यावर बसले आणि एकेक सुई ओवून गुंडाळीला टोचत गेले. दहा झाल्या. रस्त्यावर भाऊच्या जीपचा हॉर्न वाजला. मी उठायला लागले, तर मावशीने बोटांनी सुया मोजल्या आणि माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"थांबंल तो," ती म्हणाली. "आनखी दोन ओव."